रकानाताई आणि झिरोचा बल्ब

तिला सगळं ऑफिस रकानाताई म्हणायचं. तोंडावर नाही, पण फार मागेही नाही. तिच्या कानावर यायचं आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. फॉर्ममधला एकही रकाना ती रिकामा सोडायची नाही, एवढंच तर कारण होतं. बाकीच्या पाच जणी 'घरातील माणसे', 'खोल्या', 'खिडक्यांची दिशा' असल्या रकान्यांत आडव्या रेघा मारून मोकळ्या व्हायच्या. ही बाई खिडकीपाशी जाऊन उन्हाकडे बघून दिशा लिहायची. आता खिडकी पूर्वेला आहे की पश्चिमेला यावरून कुणाचं काय अडणार होतं? पण तिचं म्हणणं असं, की रकाना छापलाय म्हणजे कुणाला तरी ते कळायला हवं असेल, आणि मग खोटं किंवा अर्धवट कशाला लिहायचं.

काम होतं घरोघर जाऊन दिवे बदलायचं. जुना बल्ब काढायचा, त्या जागी एलईडी लावायचा, जुना किती वॅटचा, नवा किती वॅटचा, रोज किती तास जळतो ते भरायचं, घरच्या माणसाची सही घ्यायची आणि जुना बल्ब पिशवीत टाकून ऑफिसात जमा करायचा. तिथे ते मोजून फोडत, कुणी परत वापरू नयेत म्हणून. मग कॉम्प्युटर जुन्यातून नवा वजा करायचा, तासांनी गुणायचा, आणि त्या घराची वर्षाला किती वीज वाचली, किती पैसे वाचले, किती किलो धूर हवेत जायचा थांबला याचा कागद काढायचा. ऑफिसच्या भाषेत धूर नव्हे, उत्सर्जन. पण दारात उभं राहून 'तुमच्या घराचं उत्सर्जन कमी करायला आलेय' म्हटलं की लोकांना शाळेतला शरीरशास्त्राचा धडा आठवायचा आणि ते दार लोटून घ्यायचे. म्हणून ती धूर म्हणायला लागली.

"आमच्याकडे शेगडीसुद्धा विजेची. धूर कसला?" असं कुणी विचारलं की ती सांगायची, "तुमच्या घरात नाही हो. वीज तयार होते तिथे कोळसा जळतो, तिथला. तुम्ही इथे बटण दाबता, धूर तिकडे निघतो." सहा वर्षांत हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं होतं, की म्हणताना तिचं लक्ष दुसरीकडेच असायचं. एकदा कोपऱ्यावरच्या शिंप्याने विचारलं, धूर किलोत कसा मोजतात, तागडीत राहतो का. तिला सांगता येईना. तिने साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही दिवे बदला."

तिच्या वाट्याला आला होता दहा नंबरचा भाग. चढावरची वस्ती, चार-चार मजल्यांच्या इमारती, लिफ्टचं नाव नाही, आणि पायऱ्या एखाद्या उंच माणसाने स्वतःच्या मापाने बांधल्यासारख्या. पहिली तीन वर्षं ती एका दमात चौथ्या मजल्यावर जायची. चौथ्या वर्षी कठडा धरायला लागली. सहाव्या वर्षी एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून, लहान मुलं चढतात तशी. डॉक्टर म्हणाले, "जिने बंद. अजून दोन वर्षं असंच चाललं तर काठी लागेल, आणि काठीनंतर काय ते मी सांगत नाही." ती म्हणाली, "बरं." डॉक्टरला बरं म्हणायला काय जातं. दुसऱ्या दिवशी साडेनऊला ती परत जिन्यात होती, कारण तिने जिने बंद केले असते तर घरच बंद पडलं असतं.

म्हणून खुर्ची. ऑफिसात एक तक्रार खिडकी होती आणि तिच्यामागे बसणाऱ्या बाई वर्षाअखेर निवृत्त होणार होत्या. साहेबांनी सहाही जणींना उभं करून सांगितलं, की बाहेरून माणूस आणायचा नाही, तुमच्यातलीच एक घ्यायची. चालू फेरीत जिच्या भागात सगळ्यात जास्त बचत, तिची खुर्ची. बाकीच्या पाच जणींना खुर्ची हवी होती कारण तिथे पंखा होता आणि चहा जागेवर येत होता. हिला हवी होती कारण हिचे पाय संपत आले होते. खुर्चीचा एक हात तुटलेला होता, गादीतून काथ्या बाहेर आला होता, तरी येता-जाता ती तिच्याकडे असं बघायची की खिडकीवरच्या बाईंना अवघडल्यासारखं व्हायचं.

आता तिच्या नवऱ्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तो बल्बच्या कारखान्यात होता, काचेच्या भट्टीशेजारी, फुग्यावर पितळेची टोपी बसवायच्या मशीनवर, वीस वर्षं. मग लोक एलईडी घ्यायला लागले, जुन्या बल्बची मागणी आटली आणि एका सोमवारी फाटकाला कुलूप दिसलं. निरोप म्हणून प्रत्येकाला बल्बची चार-चार खोकी दिली. जणू काही घरी जाऊन खायचे होते. वर्षभराने बायकोला नोकरी लागली ती नेमकी तेच बल्ब घराघरांतून काढून आणायची. त्यात तिचा काय दोष? मिळालं ते काम घेतलं. पहिल्या दिवशी तिने नव्या दिव्यांचा डबा टेबलावर ठेवला तेव्हा म्हणाला, "हे या घरात लागणार नाहीत."

झालं. लोकांचे दिवे बदलत फिरणारीच्या घरात शंभरचा पिवळा बल्ब जळत राहिला आणि नवरा-बायकोत दिव्यातला 'द' निघेनासा झाला. बाकी सगळं बोलायचे. दूध आलं का, मुलीचा फोन आला का, नळ गळतोय. पण दिवसभर ती काय करते हे त्याने विचारलं नाही, आणि वीस वर्षं त्याने काय केलं हे तिने विचारलं नाही. एका घरात दोन माणसं राहिली की अशी एखादी गोष्ट मधे ठेवून तिला वळसा घालून चालायची सवय होते.

चालू फेरी होती छोट्या दिव्यांची. मोठे आधीच्या फेऱ्यांत बदलून झाले होते. उरले होते ते पॅसेजमधले, संडासातले, म्हातारी माणसं झोपतात त्या खोलीतले, म्हणजे झिरोचे बल्ब. लाल, निळे, हिरवे, लिंबाएवढे. लोक ते दिवसासुद्धा बंद करत नसत. का करतील? झिरोचा तो, त्याला वीज कुठे लागते.

"किती वॅटचा आहे?" ती विचारायची.

"झिरोचा."

ती बल्ब फिरवून टोपी बघायची. टोपीवर काही छापलेलं नसायचं. ती दुसऱ्यांदा विचारायची, घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारायची, आणि सगळीकडे एकच उत्तर. तिचाही त्यावर विश्वास होता, कारण लहानपणापासून तिने दुसरं काही ऐकलंच नव्हतं. मनात एकदा आलं होतं, की वीज लागतच नाही तर काढताना बोटाला चटका कशाने बसतो? पण तो जिना उतरेपर्यंत ती ते विसरली. जिन्यात तिला गुडघ्यांपलीकडे काही सुचत नसे. जुन्या दिव्याच्या वॅटच्या रकान्यात तिने गोल, टपोरं शून्य काढलं. दोनशे अठरा घरं, दोनशे अठरा शून्यं.

महिन्याभराने साहेबांनी बोलावलं.

"ताई, हे काय करून ठेवलंत?"

"काय झालं, साहेब?"

"तुमच्या भागाची बचत उणे आलीय."

"उणे म्हणजे?"

"उणे म्हणजे उणे. तुम्ही जायच्या आधी ही दोनशे अठरा घरं शून्य वीज जाळत होती. तुम्ही तिथे अर्ध्या वॅटचे दिवे लावलेत. म्हणजे वीज वाढवलीत, धूर वाढवलात. कॉम्प्युटरच्या हिशेबाने तुम्हाला घरी बसवलं असतं तर हवा जास्त स्वच्छ राहिली असती."

बाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं. तिला हसू आलं नाही. तिने विचारलं, "बाकीच्यांनी किती लिहिलं?"

"कुणी वीस, कुणी पंचवीस. सात नंबरवालीने सरसकट चाळीस ठोकलेत."

"चाळीसचा झिरो असतो?"

"कॉम्प्युटरला चालला."

ज्या खुर्चीसाठी ती पाय ओढत होती, ती सात नंबरवालीकडे चालली होती, आणि सात नंबरवाली वरच्या मजल्यावर न जाता खालूनच हाका मारून फॉर्म भरते हे सगळ्यांना माहीत होतं. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला. "कागद इथेच आहेत. शून्याच्या आधी एक काढायला किती वेळ लागतो? दहा होतील. जरा हात सैल सोडलात तर वीस होतील. बाजूला सह्या लागतात, त्या कुणी केल्या ते मी बघणार नाही."

"पण साहेब, किती लिहू? खरं किती ते मलाच माहीत नाही."

आता याला काय म्हणावं? खुर्ची समोर ठेवलीय, पेन हातात दिलंय, आणि ही बाई विचारतेय खरं किती. साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं. दुरुस्ती करायची तर वॅटचा पुरावा जोडायचा, आणि प्रत्येक फॉर्मवर दुरुस्तीच्या बाजूला त्या घरची नवी सही घ्यायची. मुदत दहा दिवस.

पुरावा कुठून आणायचा? काढलेले दोनशे अठरा बल्ब फोडून झाले होते. दोन दुकानांत तिने विचारलं, दोघेही म्हणाले, झिरोचा म्हणजे झिरोच की हो. घरी येऊन ती तशीच आडवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा बेसिनपाशी दाढी करत होता आणि ती फॉर्म पलंगावर पसरून स्वतःशीच पुटपुटत होती, "याला कुणी जन्माला घातलं त्याला तरी माहीत असेल का, किती वॅटचा ते."

"पंधरा," तो आरशात बघत म्हणाला.

"काय पंधरा?"

"झिरोचा. पंधरा वॅट."

ती उठून उभी राहिली. "कशावरून?"

"वीस वर्षं टोप्या बसवल्यात त्याला. आमच्याकडे झिरो कुणी म्हणायचंच नाही. आत पंधराचा, दुकानात गेला की झिरोचा. पूर्वीच्या मीटरची चकती एवढ्याशा दिव्याला हलायची नाही, म्हणून लोक झिरो म्हणायला लागले. आताचे मीटर सगळं पकडतात." त्याने गालावरचा फेस पुसला, माळ्यावरचं एक खोकं काढलं आणि तळातून चिठ्ठी काढून दिली. कारखान्याच्या शिक्क्याची चिठ्ठी होती, आणि तिच्यावर स्पष्ट छापलं होतं, पंधरा.

तिने ती दोनदा वाचली. मग तिचा आवाजच फाटला. "मी महिनाभर शून्य लिहितेय. इथेच, या पलंगावर बसून फॉर्म नीट लावत होते. तुम्ही बघत होतात. सांगता नाही आलं?"

"तू विचारलंस कधी?"

"तुम्ही विचारू दिलंत कधी?"

राग आला होता, पण रागापेक्षा जास्त तिला वाईट वाटलं, की सहा वर्षं आपण शहाणपणाने गप्प राहिलो असं समजत होतो आणि नुसतेच लांब राहिलो होतो. ती त्याला तसं म्हणालीही. तो म्हणाला, "चहा गार होतोय."

चिठ्ठी साहेबांनी मान्य केली. राहिल्या सह्या. पहिल्या दिवशी तिने बारा घरं केली. पायऱ्या चढायच्या त्या चढायच्याच, वर दारात उभं राहून हेही समजावायचं, की तुमचा झिरो झिरो नव्हता. लोक चिडायचे. अमुक इतकी वर्षं आम्ही रात्रंदिवस जाळला, तेव्हा कुठे होतात तुम्ही? जणू काही हिनेच घरोघर फिरून त्याला शून्य नाव ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसली ती तासभर उठलीच नाही. वर जाता येईना, खाली येता येईना. एक बाई तिला ओलांडून गेली आणि परत येताना पुन्हा ओलांडून गेली. घरी पोचली तेव्हा डावा गुडघा उजव्याच्या दीडपट झाला होता. नवऱ्याने गरम पाण्याची पिशवी आणून दिली आणि गुडघ्याकडे बघत बसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो बूट घालून तयार होता. कारखाना बंद झाल्यापासून त्याने दुधापलीकडे कशासाठी बूट घातले नव्हते.

"फॉर्म दे. तू खाली बस."

"तुम्ही काय सांगणार त्यांना?"

"खरं ते सांगीन."

शिंप्याने तिला दुकानाबाहेर स्टूल दिलं. तिथे बसून ती एकेका इमारतीचे फॉर्म लावून द्यायची, तो वर जायचा, सह्या घेऊन खाली यायचा, ती तपासायची. वरून आवाज यायचे. आधी घरच्यांचा चढा आवाज, मग त्याचा, सावकाश. "हा बल्ब मी बनवलाय हो. पंधराचाच होता. रात्रंदिवस ठेवलात तर तीन दिवसांत एक युनिट खायचा. नाही, तुमची चूक नाही. त्याला नावच तसं पडलं." लोक भांडायला उठायचे आणि ज्याच्याशी भांडायचं तो स्वतःच कबुली देतोय म्हटल्यावर त्यांना सही करण्याशिवाय काही उरायचं नाही. बायकोला शिव्या बसत होत्या तिथे त्याला पाणी मिळायला लागलं. सात वर्षं ज्या माणसाने दिव्याचा विषय काढला नव्हता, तो दिवसात तीस दारांत तेवढं एकच बोलत होता. ते ऐकताना तिला बरंही वाटायचं आणि मेल्याहून मेल्यासारखंही.

पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की इमारतीतून बाहेर आल्यावर तो लगेच तिच्यापर्यंत येत नाही. दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहतो आणि छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज येतो.

"काय होतंय?"

"चढ आहे."

"हा आवाज कसला?"

"काचेच्या भट्टीजवळ बसलेल्या सगळ्यांना होतो. तू आधी फॉर्म मोज." तिने मोजले. दुपारी शिंप्याने त्याच्यासाठी दुसरं स्टूल काढलं.

एकाच घराने त्याला दारातून परत पाठवलं, ते पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांच्या. तेवढा एक मजला ती स्वतः चढली. मास्तर निवृत्त, गणिताचे. चारही खोल्यांत आधी झिरोचे बल्ब होते, रात्रंदिवस.

"शून्य म्हणजे शून्य," मास्तर म्हणाले. "चाळीस वर्षं गणित शिकवलंय मी. तुम्ही मला शून्य शिकवू नका."

"पण मास्तर, हे पंधरा छापलंय."

"छापलेलं सगळं खरं असतं का?" असं म्हणाले खरे, पण हाडाचे मास्तर, आकडा दिसल्यावर राहवेना. फॉर्मच्या मागेच पेन्सिलीने मांडायला लागले. पंधरा गुणिले चोवीस. गुणिले चार खोल्या. गुणिले तीस दिवस. हजाराने भागिले. उत्तर आलं तसे पुन्हा वरून तपासायला लागले. त्यांची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने विचारलं, "किती येतात?"

"त्रेचाळीस युनिट," मास्तर पुटपुटले. "महिन्याला."

"आणि माझा ओट्यावरचा दिवा? साठचा. तासभर जास्त राहायचा तो."

मास्तरांनी ते मांडलं नाही. बायकोने तोंडी केलं. "दोनसुद्धा होत नाहीत," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून त्या दिव्यावरून ऐकतेय मी. अंधारात भांडी घासलीत." तिने हात पुसले, पुढे येऊन रकानाताईच्या हातातलं पेन घेतलं आणि घरमालकाच्या रकान्यात स्वतःची सही केली, पूर्ण नावाने, दाबून. मास्तर अजून गुणाकार तपासत होते.

नवव्या दिवशी दोनशे अकरा सह्या झाल्या. सात घरांना कुलूप होतं, तिथे तिने 'कुलूप' असं लिहिलं. दहाव्या दिवशी दोघं ऑफिसात गेले. नवरा बाहेर बाकावर बसला, ती आत गेली. कॉम्प्युटरने सगळं परत मोजलं आणि दहा नंबर शेवटून उठून पहिला आला. सात नंबरवालीच्या चाळीसांनाही मागे टाकून, कारण तिने अंदाजाने रात्रीचे आठच तास धरले होते, दहा नंबरची माणसं तो बल्ब दिवसासुद्धा बंद करत नसत आणि हिने तासांचा रकाना खरा भरला होता, चोवीस. वर्षाला हजारो किलो धूर, तेवढ्या लिंबाएवढ्या बल्बांचा.

"खुर्ची तुमची," साहेब म्हणाले. तिचे डोळे भरून आले. मग साहेबांनी घसा साफ केला. "पण ताई, एक अडचण आहे. पुढची फेरी आठ दिवसांत सुरू होतेय, जिन्यातल्या दिव्यांची. दहा नंबर घ्यायला पाचांपैकी एकही तयार नाही. सगळ्यांना जिने माहीत आहेत. तिथे माणूस मिळाला की तुम्ही लगेच खुर्चीवर बसा. मिळेपर्यंत चालवून घ्या."

मिळेपर्यंत म्हणजे किती हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. सहा वर्षांपूर्वी तीही 'कायमची बाई मिळेपर्यंत' म्हणूनच लागली होती. ती बाहेर आली, बाकावर बसली आणि नवऱ्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं. सांगताना रडली नाही. रडायलाही अंगात काही असावं लागतं.

तो म्हणाला, "मी घेतो दहा नंबर."

"तुम्ही? ते पांढरे दिवे लावत फिरणार?"

"लावीन."

"आणि चढ?"

"सात दिवस चढलोच ना."

"दम लागला की थांबत जा म्हणजे झालं," असलं काहीतरी ती बोलली. तिलाच कळलं नाही काय बोलली ते. साहेबांना आनंदच झाला. घरबसल्या माणूस मिळाला होता, तोही जिन्यांची सवय झालेला. त्यांनी नेमणुकीचा फॉर्म दिला आणि म्हणाले, "ताई, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच भरा."

ती बाकावर बसून भरायला लागली. नाव, वय, पत्ता. शिक्षण. आधीचं काम, तिथे तिने 'बल्ब कारखाना, टोपी विभाग, वीस वर्षे' असं लिहिलं. तो शेजारी बसला होता. आज सकाळी एकच जिना चढला होता, ऑफिसचा, आणि शीळ अजून बसली नव्हती. पुढच्या पानावर तब्येतीचे रकाने होते. नजर. ऐकू येणं. मग छापलं होतं, 'श्वसनाचा काही त्रास आहे का?'

तिचं पेन थांबलं. तिने त्याच्याकडे बघितलं. तो रकाना त्यालाही दिसत होता. आत खिडकीवरच्या बाई ड्रॉवर रिकामा करून पिशवी भरत होत्या. गुडघ्यातली कळ मांडीपर्यंत आली होती, आणि तिला इतका थकवा आला होता, की असा थकवा येतो हे तिला आधी माहीत नव्हतं. तिने लिहिलं, 'नाही'. तिच्या नेहमीच्या सुवाच्य अक्षरात, रेघेवर, कुठे खाडाखोड नाही.

मग ती थांबली. त्याने काहीतरी म्हणावं, फॉर्म ओढून घ्यावा, हे खोटं आहे म्हणावं, म्हणून ती थांबली. तो ते 'नाही' वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने सहीसाठी पेन मागितलं.

तिने दिलं.